गार्सिया मार्केझला नुसतं मार्केझ म्हणू नका

पुण्यात आमची एक बऱ्यापैकी मोठी जमात आहे जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, परदेशी जर्नल्स आणि पुस्तकांचं कॉपी एडिटिंग करणारी. आयटीवाल्यांच्याच ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्यांच्याच टपरीवर चहा पितो, फक्त दिवसभर कोडच्या ऐवजी स्वल्पविराम बघतो. नातेवाईकांना अजून कळलेलं नाही आम्ही नक्की करतो काय, ते एक असो.

तर ह्या कामात सगळ्यात जास्त डोकं कशाने उठत असेल तर आडनावांनी. चिनी नावात आडनाव आधी येतं हे आता पोरांना पाठ झालंय, आइसलँडवाल्यांना आपल्यासारखं आडनावच नसतं हेही एकदा सांगितलं की लक्षात राहतं. स्पॅनिश मात्र फसवं आहे, कारण ते दिसायला अगदी आपल्यासारखं दिसतं. तीन शब्द, पहिलं नाव, मग मधलं, मग आडनाव, सचिन रमेश तेंडुलकर, झालं. मराठी डोळा तर हा साचा इतक्या पटकन लावतो की कोलंबियाचा कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ, हे नाव वाचलं की गार्सिया हे त्याच्या वडिलांचं नाव असणार असं आपण मनातल्या मनात ठरवूनपण टाकतो. दर बॅचला नवीन आलेलं कोणीतरी विचारतंच, मॅडम ह्यात लास्ट नेम कुठलं? आणि खरी पंचाईत अशी की "लास्ट नेम" ह्या प्रश्नातच घोळ आहे.

गार्सिया हे वडिलांचं आडनाव आणि मार्केझ हे आईचं. वडील गाब्रिएल एलिहियो गार्सिया, आई लुईसा सांतियागा मार्केझ इग्वारान. प्रत्येकाला दोन आडनावं, पहिलं वडिलांचं पहिलं, दुसरं आईचं पहिलं, आईचं दुसरं आडनाव (इथे इग्वारान) तिच्यापाशीच थांबतं. म्हणजे इंग्रजीत "मार्केझ वॉज बॉर्न इन 1927" असं लिहिणं म्हणजे माणसाला त्याच्या मामाच्या आडनावाने हाक मारणं. मामा कितीही आवडता असला तरी बिल त्याच्या नावाने फाडत नाहीत ना कोणी. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव लिहायचं आणि तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी "गार्सिया मार्केझ", दोन्ही शब्द, मध्ये हायफन नाही. इंडेक्समध्ये जी खाली, एम खाली नाही.

पेरूचा लेखक मारियो वार्गास योसाचंही तेच, वार्गास वडिलांचं, योसा आईचं, इंग्रजीत कायम "वार्गास योसा". (आपल्याकडे ल्लोसा लिहितात, डबल एल बघून. असू दे.) पण त्याच्या घरात एक गंमत आहे. एरवी ह्या पद्धतीत दुसरं आडनाव प्रत्येक पिढीत बदलतं, कारण आई बदलते. ह्या बाबाने दुसरं लग्न केलं ते सख्ख्या मामाच्या मुलीशी, पात्रिसिया योसाशी, त्यामुळे मुलगा आल्वारोसुद्धा परत वार्गास योसाच. मामाच्या मुलीचा हक्क पेरूपर्यंत पोचलाय हे बघून मला फार बरं वाटलं होतं, आणि इंग्रजी पत्रकारांचं काय झालं असेल ते बघा, बापलेक दोघेही लिहिणारे, दोघेही राजकारणावर बोलणारे, आणि दोघेही "वार्गास योसा".

आता इथपर्यंत सांगितलं की हुशार पोरं लगेच विचारतात, मग लोर्का? आणि बरोबर विचारतात. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का, वरच्या नियमाने "गार्सिया लोर्का" किंवा फार तर "गार्सिया" व्हायला हवं, पण जग त्याला लोर्का म्हणतं, स्पेनसुद्धा लोर्का म्हणतं. कारण साधं आहे. गार्सिया हे स्पेनमधलं सगळ्यात कॉमन आडनाव. आपल्याकडे जाधव सर म्हटलं की कॉलेजात पाच माना वळतात, तेच तिकडे गार्सिया, रॉड्रिगेझ, गोन्सालेझ, फर्नांडेझ, पेरेझ ह्यांचं. मग लोक आपणहून जे आडनाव कमी ऐकू येतं ते उचलतात. पाब्लो रुईझ पिकासो, वडील रुईझ, आई पिकासो, सुरुवातीच्या चित्रांवरच्या सहीत रुईझ आहे, नंतर त्याने ते टाकूनच दिलं. स्पेनचे पंतप्रधान होते ते होसे लुईस रॉड्रिगेझ झापातेरो, 2004 ते 2011, इंग्रजी पेपरात बहुतेक "मिस्टर झापातेरो". मेक्सिकन दिग्दर्शक आलेहांद्रो गोन्सालेझ इन्यारितूने तर स्वतःच निकाल लावला, गोन्सालेझचा नुसता जी करून ठेवला. आता आलेहांद्रो जी. इन्यारितू असं वाचल्यावर कुठल्याही अमेरिकनाला वाटणार की जी म्हणजे मिडल नेम. त्याने त्यांच्याच सवयीचा उपयोग करून घेतला म्हणायचं.

म्हणून "नेहमी पहिलं आडनाव वापरा" हा नियम मला अर्धवट वाटतो, आणि "नेहमी शेवटचं" हा तर चूकच. माझं मत सरळ आहे, आपण कात्री चालवायची नाही. त्या माणसाला त्याच्या भाषेतले लोक आणि तो स्वतः कुठल्या नावाने हाक मारतात ते बघायचं आणि तेच इंग्रजी वाक्यात ठेवायचं, कळत नसेल तर दोन्ही आडनावं लिहायची, दोन्ही लिहून कोणाचा अपमान होत नाही. स्टाइल गाइड हातात धरून लोर्काला जबरदस्तीने "गार्सिया" करणारे एडिटरही मी पाहिलेत आणि ते मार्केझवाल्यांपेक्षा जास्त त्रासदायक असतात कारण त्यांना वाटतं आपलं बरोबर आहे. फक्त वाक्य आणि इंडेक्स ह्यात फरक आहे हे ध्यानात ठेवावं, मजकुरात "लोर्का" चालतं पण इंडेक्समध्ये तो जी खालीच जातो, आणि एल खाली एक ओळ टाकायची की गार्सिया लोर्का बघा.

हे सगळं नखरे वाटत असतील तर रेफरन्स लिस्टचं एक पान बघा. न्यूरोसायन्सच्या पेपर्समध्ये सांतियागो रामोन इ काहाल हा माणूस हटकून येतो, 1906 चं नोबेल गॉल्जीबरोबर वाटून मिळालेला, मेंदूच्या पेशींची ती अफाट सुंदर चित्रं काढणारा. ह्याचं नाव म्हणजे सापळाच आहे. रामोन हे ऐकायला पहिलं नाव वाटतं, पण ते वडिलांचं आडनाव (वडील हुस्तो रामोन), काहाल आईचं, आणि मधला जो एकाक्षरी "इ" आहे, जो लिहिताना वाय लिहितात, त्याचा अर्थ फक्त "आणि". आता एकाच लेखाच्या एकाच यादीत मी काय काय बघितलंय. सी खाली (काहालचं स्पेलिंग सीने सुरू होतं) "काहाल, एस. आर.". त्याच्याच खाली "काहाल, एस. आर. वाय.", म्हणजे बिचाऱ्या "आणि"चं इनिशियल झालं, वायवरून कोणी यशवंत असावा तसं. आर खाली "रामोन इ काहाल, एस.", हे बरोबर. आणि यादीच्या अगदी शेवटी, झेडच्या थोडं वर, "वाय काहाल, एस. आर.". एक माणूस, चार एंट्री, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चार वेगळे शास्त्रज्ञ. त्यात गंमत म्हणजे चालू वाक्यात न्यूरोसायन्सवाले त्याला नुसतं काहालच म्हणतात, आतड्यातल्या त्या पेशींचं नाव पण "इंटरस्टिशियल सेल्स ऑफ काहाल", आणि ते इतकं रुळलंय की तिथे रामोन घुसवायला जाणं म्हणजे वेडेपणा. पण यादीत तो आर खालीच हवा. स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत तसाच ओ खाली.

नोबेलवाल्याचं काही बिघडत नाही म्हणा, बिघडतं ते आज काम करणाऱ्यांचं. माद्रिदच्या एखाद्या पोस्टडॉक बाईचे, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारीचे, निम्मे पेपर एका आडनावाखाली आणि निम्मे दुसऱ्याखाली गेले की सायटेशन मोजताना ती दोन अर्ध्या बायका होते. म्हणून आता बरेच स्पॅनिश शास्त्रज्ञ इंग्रजीत छापताना दोन आडनावांमध्ये स्वतःहून हायफन टाकतात, घरी नसतो, जर्नलमध्ये असतो. हायफन दिसला की डेटाबेस मुकाट्याने दोन्ही शब्द एक धरतो. आणि 2012 पासून ओआरसीआयडी नावाचा नंबर आला, माणसाला नाव काहीही असो आकडा एकच. त्याने आमचं काम बरंच हलकं झालं. पण लेखकाने स्वतः टाकलेला हायफन "स्पॅनिशमध्ये नसतो" म्हणून काढू नये, ती त्याची निवड आहे, आणि नसलेला आपण टाकूही नये.

अमेरिकेत हायफन असूनही सुटका नाही. तिथल्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ बाईंना टीव्हीवर किती जणांनी "मिस कोर्टेझ" म्हटलं असेल. ओकासियो वडिलांचं, कोर्टेझ आईचं, मध्ये ढळढळीत रेघ, तरी लोकांचं हेच की शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. एओसी हे नाव इतकं पटकन चिकटलं त्यामागे हेही थोडं असेल असं आपलं मला वाटतं.

टेनिस बघणाऱ्यांना खरं तर हे सगळं आधीच माहीत असतं, फक्त माहीत आहे हे माहीत नसतं. आरांचा सांचेझ विकारियो आठवते ना, 1989 ला फ्रेंच ओपनच्या फायनलला स्टेफीला हरवून आख्ख्या घराचा मूड घालवला होता. तिला कॉमेंटेटर कायम दोन्ही आडनावांनी म्हणायचे आणि आपण समजायचो की मोठं नाव आहे बुवा. विकारियो आईचं. आत्ताच्या पिढीत कारेन्यो बुस्ता, बाउतिस्ता आगुत, स्कोअरबोर्डवर पूर्ण येतात. माझा आवडता म्हणजे आलेहांद्रो दाविदोविच फोकिना. जन्म स्पेनमधला, आईबाप रशियन मुळाचे. रशियनमध्ये बाईचं आडनाव फोकिना आणि पुरुषाचं फोकिन, पण स्पॅनिश पद्धतीत आईचं आडनाव जसंच्या तसं मुलाला लागतं, त्यामुळे एवढा दाढीवाला गडी आयुष्यभर फोकिना. आणि इंग्रजी कॉमेंटरीत नीट "दाविदोविच फोकिना" म्हणतात, मग गार्सिया मार्केझ म्हणायला जड का जातं कळत नाही.

ह्याच्या उलट राफाएल नदाल परेरा, कार्लोस अल्कारास गार्फिया, हे नुसते नदाल आणि अल्कारास, कारण पहिलं आडनाव पुरेसं वेगळं आहे आणि त्यांनी दुसरं लावलंच नाही. फुटबॉलवाले तर आडनावाच्याच भानगडीत पडत नाहीत, रोड्री म्हणजे रोड्रिगो एर्नांदेझ कास्कांते, पेद्री म्हणजे पेद्रो गोन्सालेझ लोपेझ, गावीचं "गावी" हे तर गाविरा ह्या आडनावाचं शॉर्ट. इंग्रजी पेपरात मग वाक्यभर "रोड्री" येतं, एर्नांदेझ एकदाही नाही, आणि ते योग्यच आहे.

फॉर्म्युला वनमध्ये कार्लोस साइन्झ आहे, त्याचे वडीलही कार्लोस साइन्झ, 1990 आणि 1992 चे रॅली वर्ल्ड चॅम्पियन. इंग्रजीत मुलाला "ज्युनियर" लावतात. स्पॅनिशमध्ये त्याची गरजच नाही, वडील साइन्झ सेनामोर, मुलगा साइन्झ वास्केझ दे कास्त्रो, आईचं आडनाव लावलं की बापलेक वेगळे. आपल्या इंडस्ट्रीत दोन सोनाली कुलकर्णी आहेत आणि पेपरवाले सीनियर ज्युनियर करत बसतात, ही पद्धत असती तर प्रश्नच मिटला असता.

जुन्या दर्यावर्दी मंडळींची नावं म्हणजे वेगळंच प्रकरण, तिथे "दे" येतो. ह्यातला आमच्या टीमचा लाडका म्हणजे आल्वार नुन्येझ काबेसा दे वाका, सोळाव्या शतकात टेक्सासच्या भागात भरकटलेला. काबेसा दे वाका म्हणजे गाईचं डोकं, हे त्याच्या आईकडचं घरंदाज आडनाव. इंग्रजी वाक्यात तो कायम तिन्ही शब्दांचा, काबेसा दे वाका. पण "शेवटचं ते आडनाव" वाले त्याला "दे वाका" करतात, म्हणजे डोकं उडवलं आणि नुसतं "गाईचा" उरला. 1513 ला फ्लोरिडाला पोचलेला हुआन पोन्से दे लेओन, तो पण पूर्ण पोन्से दे लेओन, लेओन म्हणून तोडायचा नाही. एर्नांदो दे सोतो मात्र इंग्रजीत इतका "डी सोटो" झालाय की त्याच्या नावाने अमेरिकेत गाड्या पण निघाल्या, स्पॅनिशमध्ये तो सोतो असला तरी तिकडे डी सोटोच ठेवावं लागतं. आणि सर्व्हांतेस बघा, मिगेल दे सर्व्हांतेस सावेद्रा, पण एकटं आडनाव लिहिताना "दे" गळतो. त्याचं सावेद्रा तर आईचंसुद्धा नव्हतं, आई कोर्तिनास. तेव्हा ही दोन आडनावांची शिस्त अशी पक्की नव्हतीच, लोक घराण्यातलं जे भारदस्त वाटेल ते लावायचे. चित्रकार वेलास्केझपण आईच्याच आडनावाने प्रसिद्ध आहे.

बायकांचं बघितलं की मला जरा असूया वाटते. स्पेनमध्ये लग्न झालं म्हणून आडनाव बदलत नाही, जन्माला आली त्या दोन आडनावांनीच ती मरते. इथे माझ्या मैत्रिणीचं लग्नानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदललं, आता एका बँकेत केवायसीला आधारवर एक, पॅनवर एक, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरीच बाई. लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी बायका "दे" लावून नवऱ्याचं जोडतात आणि मग इंग्रजी पेपरांची जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते. क्रिस्तिना फर्नांडेझ दे किर्चनर, 2007 ते 2015 अर्जेंटिनाच्या अध्यक्ष. फर्नांडेझ माहेरचं, किर्चनर नवऱ्याचं, आणि नवराही आधीचा अध्यक्ष. एका पेपरात "मिसेस किर्चनर", दुसऱ्यात "फर्नांडेझ", तिसऱ्यात लांबलचक "फर्नांडेझ दे किर्चनर". वर 2019 ला अल्बेर्तो फर्नांडेझ अध्यक्ष झाले, ह्या बाई उपाध्यक्ष, दोघांचं काही नातं नाही, आता "फर्नांडेझ सेड" असं वाक्य लिहिलं तर बोललं कोण? माझ्या मते असल्या वेळी शब्द वाचवायला जाऊच नये, पूर्ण लिहावं.

बरं आईचं आडनाव दुसरंच का, पहिलं का नाही, हाही प्रश्न तिकडे झाला. स्पेनमध्ये 1999 च्या कायद्याने आईबाप मिळून क्रम उलटा करू शकत होते आणि 2017 पासून तर वडिलांचं आपोआप आधी हे गृहीतकच काढून टाकलं, नोंदणीच्या वेळी दोघांनी ठरवून सांगायचं. त्यामुळे पुढच्या पिढीचे पेपर आले की पहिलं आडनाव वडिलांचंच असेल हेही धरून चालता येणार नाही, इंग्रजी वाक्याला त्याने फरक पडत नाही म्हणा, दोन्ही ठेवली की झालं. आपल्याकडेही 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असं लावायचं ठरलंय. चार शब्द. ही पोरं मोठी होऊन परदेशी जर्नलमध्ये पेपर पाठवतील तेव्हा तिकडचा कोणी एडिटर ह्यातलं मिडल नेम कुठलं म्हणून डोकं धरून बसणार, तेव्हा मी रिटायर झालेली असेन हे बरं.

बारीकसारीक गोष्टी उरल्या. अॅक्सेंट आणि एनवरची ती लाट काढून टाकू नयेत, "पेन्या" मधली लाट काढली की "पेना" होतं, म्हणजे दुःख, आणि एन्रिके पेन्या निएतो हे मेक्सिकोचे अध्यक्ष होते. पूर्वी छापखान्यात खिळे नसायचे म्हणून चालायचं, आता युनिकोडच्या जमान्यात कसली सबब. अमेरिकन बेसबॉल लीगनेसुद्धा 2016 ला मोहीम काढून खेळाडूंच्या जर्सीवर अॅक्सेंट छापायला घेतले. पण ज्या माणसाचं कुटुंब पिढ्यानपिढ्या अमेरिकेत आहे आणि तो स्वतः अॅक्सेंट देत नाही, त्याला आपण शहाणपणा करून देऊ नये.

अनेकवचनाला नवीन पोरं हमखास अडकतात. स्पॅनिशमध्ये एर्नांदेझ कुटुंब म्हणजे "लोस एर्नांदेझ", आडनाव हलत नाही. इंग्रजी वाक्यात मात्र इंग्रजीचा कायदा, शेवटी ई एस लावून "द हर्नांडेझेस", अॅक्सेंट असला तर तसाच ठेवून. अपॉस्ट्रॉफी तिथे अजिबात नाही. अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवायला, आणि दोन आडनावं असतील तर ती फक्त दुसऱ्याच्या शेपटीला, गार्सियाला मध्ये वेगळी द्यायची नाही. सर्व्हांतेस आणि बोर्हेस ह्यांच्या शेवटी आधीच एस आहे, तिथे पुस्तकवाले अपॉस्ट्रॉफी लावून अजून एक एस देतात आणि न्यूजपेपरवाले नुसती अपॉस्ट्रॉफी, ज्याचं काम करताय त्याचं ऐका, त्यावर भांडू नका.

आणि पोर्तुगीज नावांना हे काहीही लावू नका! तिथे साधारण आईचं आडनाव आधी आणि वडिलांचं शेवटी, त्यामुळे तिथे शेवटचा शब्द घेणं बहुतेक वेळा बरोबर निघतं. ओळखायची खूण म्हणजे शेवटचं अक्षर, स्पॅनिश फर्नांडेझ, रॉड्रिगेझ, लोपेझ झेडने संपतात आणि पोर्तुगीज फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपिस एसने. आपल्या कॅम्पातले, गोव्याहून आलेले सगळे एसवाले. त्यांच्या लग्नपत्रिकेवर कोणी झेड छापला तर ती पत्रिका परत जाते.